सहीने पोच सिद्ध होत नाही

डिजिटल सही आता सर्वत्र रूढ झाल्यामुळे टपालाने पाठवायच्या नोटिशी, बेलिफाच्या फेऱ्या, पोचपावतीची कार्डे आणि आवक-जावक वह्या हा सारा पसारा निरर्थक ठरला आहे; ज्या संदेशावर डिजिटल सही आहे तो सही करणारानेच पाठवला आणि ज्याला पाठवला त्याला तो मिळाला, या दोन्ही गोष्टी गणितानेच निर्विवाद सिद्ध होतात; आणि म्हणून न्यायालयांनी व सरकारी कचेऱ्यांनी त्याविषयी निराळा पुरावा मागणे ही केवळ एक जुनी खोड आहे, असे प्रतिपादन वकिलांच्या, करसल्लागारांच्या आणि संगणक-व्यवसायातील जाणत्या मंडळींच्या तोंडून अलीकडे वारंवार ऐकू येते. असे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू स्वच्छ असतो. वर्षानुवर्षे तुंबलेल्या दाव्यांत समन्स बजावण्यापायी किती तारखा फुकट जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा मोह पडावा यात नवल नाही. परंतु हेतू कितीही शुद्ध असला तरी या प्रतिपादनाचा एक भागच तेवढा खरा आहे, आणि त्यातल्या खोट्या भागाची किंमत ते करणाऱ्याला नव्हे, तर ज्याच्या हाती नोटीस कधी पडलीच नाही अशा एखाद्या दुकानदाराला किंवा निवृत्त शिक्षकाला मोजावी लागते. त्या खोट्या भागाचा प्रतिवाद करणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम जे खरे आहे ते हातचे न राखता मान्य केले पाहिजे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी अशा सहीची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या त्रयीने ती प्रत्यक्षात आणण्याची रीत शोधून काढली, तेव्हा मानवी व्यवहारात खरोखरच एक अपूर्व साधन अवतरले. संदेश दोन ओळींचा असो की दोन हजार पानांचा, त्यापासून हॅश नावाचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढला जातो, जो शा-२५६ या प्रचलित पद्धतीत २५६ बिटांचा असतो. त्या ठशावर सही करणारा आपल्या खासगी किल्लीने गणिती क्रिया करतो, आणि त्या किल्लीची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली ज्याच्याजवळ आहे असा कोणीही मनुष्य ती सही पडताळून पाहू शकतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी पडताळणी फसते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मर्यादा-मुद्रा उमटवली जाई ती याचसाठी, की मजकूर कोठे संपला हे ठरून जावे आणि कोणा मधल्या माणसाने त्याखाली चार ओळी घुसडू नयेत. ते काम डिजिटल सही कोणत्याही लाखेच्या मोहरेपेक्षा शतपट चोख करते. मजकूर अखंड आहे आणि तो अमुक किल्लीने मुद्रित झाला आहे, एवढे तिने सिद्ध होते, आणि ते थोडे नाही.

पण ज्यांनी पेशवे दप्तरातील पत्रे चाळली आहेत त्यांना हेही ठाऊक आहे, की पत्र पोचल्याची मिती पाठवणाऱ्याच्या मुद्रेत नसे. ते ज्याला मिळाले त्याच्या बाजूचा कारकून पत्रावर पैवस्तीची नोंद करी, आणि पत्र दाखल झाले याचा आधार ती नोंद असे. पाठवणाऱ्याच्या शिक्क्याने पाठवणाऱ्याचे बोलणे पक्के होते आणि घेणाऱ्याच्या नोंदीने घेणे पक्के होते, इतका साधा विवेक घोडेस्वार जासुदांच्या काळातल्या दप्तराला होता. तो विवेक आज किल्ल्यांच्या आणि हॅशच्या तेजाने दिपून आपण सोडून द्यावा, अशी शिफारस आपल्याला केली जात आहे.

पाठवण्याचाच मुद्दा आधी तपासू. सही करणे आणि पाठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सही करून मेजाच्या खणात ठेवलेले पत्र सही असूनही पाठवलेले नसते, आणि ते खणातून उचलून दुसऱ्याच कोणी तिसऱ्याच इसमाकडे नेऊन दिले, तर सही खरीच राहते, मात्र पाठवणे सही करणाराचे राहत नाही. ई-मेलवर सही करण्याच्या ज्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत, एस-माइम आणि पीजीपी, त्यांच्या नेहमीच्या वापरात सही पत्राच्या मजकुरावर असते. ते कोणाला उद्देशून आहे आणि कोणत्या तारखेस रवाना झाले हे सांगणारे शीर्षक त्या सहीच्या कक्षेबाहेर असते. एखाद्या व्यापाऱ्याने एका गिऱ्हाइकाला ‘तुमचा भाव मान्य आहे, माल उचला’ एवढेच लिहून त्यावर डिजिटल सही केली, तर त्या गिऱ्हाइकाला तोच मजकूर, तीच सही जशीच्या तशी ठेवून, दुसऱ्या एखाद्या इसमाकडे पाठवता येतो, आणि त्या इसमाने पडताळणी केली असता सही बिनचूक निघते. डॉन डेव्हिस या संशोधकाने २००१ सालीच हा दोष सविस्तर दाखवून दिला होता. आता कोणी म्हणेल की ई-मेलच्या सर्व्हरने केलेली डीकेआयएम ही सही शीर्षकालाही आपल्या कक्षेत घेते. घेते खरी, पण ती सही माणसाची नसून त्याच्या सर्व्हरची आहे, आणि अमुक संस्थेच्या यंत्रातून पत्र बाहेर पडले यापलीकडे तिची साक्ष जात नाही. त्या संस्थेतील कोणी ते पाठवले, हा प्रश्न तिच्यापुरता अनुत्तरित राहतो.

वेळेचीही तीच गत आहे. सहीत जी वेळ दिसते ती सहसा सही करणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकाची असते, आणि स्वतःच्या संगणकाचे घड्याळ मागे सरकवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. वेळ सिद्ध करावयाची असेल तर त्रयस्थ काल-मुद्रण संस्थेकडून त्या हॅशवर वेळ नमूद करून तिची सही घ्यावी लागते. ही सोय अस्तित्वात आहे, तिचे तांत्रिक प्रमाणही २००१ पासून ठरलेले आहे; परंतु ज्या नोटिशींवर आणि करारांवर लोकांचे हक्क ठरतात त्यांत ती सोय वापरली आहे की नाही, हे पाहण्याची तसदी किती जण घेतात?

आणि सही ‘त्यानेच’ केली हे तरी कशावरून? ज्याने लहान कंपन्यांचा आणि दुकानांचा कारभार जवळून पाहिला आहे, त्याला सीएंच्या कार्यालयातील तो खण परिचयाचा असतो: त्यात रबरबँडने बांधलेली डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची, टोकने पडलेली असतात, प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर संचालकाचे नाव आणि बहुधा पिनसुद्धा लिहिलेला असतो, आणि मुदतीच्या अखेरच्या रात्री कार्यालयातील एखादा मुलगा एकामागून एक टोकन लावून पिन टाकत विवरणपत्रे दाखल करीत असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४२व्या कलमाने खासगी किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी घेणे हे धारकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्याची वर्दी देईपर्यंत जबाबदारी त्याच्यावरच टाकली आहे. कायद्याने जबाबदारी टाकली ती योग्यच झाली; मात्र जबाबदारी कोणावर हे ठरवणे निराळे आणि कृती कोणी केली हे सिद्ध होणे निराळे. या दोहोंत गल्लत करून ‘गणिताने सिद्ध झाले’ म्हणणे हा गणितावरही अन्याय आहे, कारण गणिताने किल्लीची ओळख पटवली आहे, माणसाची नव्हे.

शिवाय सही पडताळून पाहतो तरी कोण? महाराष्ट्र शासनाने २०१८ साली महाराष्ट्र दिनी डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला, आणि तलाठ्याच्या दारात खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याचा तो मोठाच दुवा घेणारा निर्णय होता. पण तो पंधरा रुपयांचा उतारा उतरवून घेऊन संगणकावर उघडला, की सहीच्या चौकटीवर बहुधा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते, कारण भारतीय प्रमाणकर्त्यांची मूळ किल्ली त्या संगणकाने विश्वासार्ह म्हणून नोंदवलेली नसते. ती कशी नोंदवायची हे फारच थोड्यांना माहीत असते. मग उतारा कागदावर छापला जातो, आणि छापील कागदावर सहीचे चित्र उरते, सही उरत नाही. एवढे असूनही ज्यांच्या हातून पडताळणी कधी होतच नाही अशा लक्षावधी लोकांना ‘डिजिटल सही आहे, आणखी काय हवे’ असे सांगितले जाते.

आता पोचेचा मुद्दा, जो या वादाचा गाभा आहे. पाठवणाऱ्याने आपल्या किल्लीने कितीही सह्या केल्या तरी त्यातून घेणाऱ्याची एकही कृती उत्पन्न होत नाही. पोच सिद्ध व्हावयाची तर घेणाऱ्याने स्वतःच्या किल्लीने पोचपावतीवर सही केली पाहिजे. पण येथे एक मूलगामी अडचण उभी राहते: घेणाऱ्याला आधी संदेश दिला तर तो वाचून पावती नाकारू शकतो, आणि आधी पावती घेतली तर संदेश न देताच पाठवणारा ती पावती दाखवत फिरू शकतो. ही अडचण कोणाच्या अप्रामाणिकपणाने अपवादात्मक प्रसंगी उद्भवणारी नव्हे, ती देवघेवीच्या स्वरूपातच आहे. इव्हन आणि याकोबी यांनी १९८० साली, आणि पुढे १९९९ साली पाग्निया व गर्टनर यांनी सिद्धांतरूपाने दाखवून दिले आहे, की विश्वासू त्रयस्थावाचून दोन अविश्वासू पक्षांमध्ये अशी बिनधोक अदलाबदल होऊच शकत नाही. म्हणजे ज्या गणिताच्या नावाने टपालखात्याला निरोप देण्याचा आग्रह धरला जातो, तेच गणित पोचेसाठी टपालखात्यासारखा कोणीतरी मध्ये असलाच पाहिजे असे सांगते. प्रतिपक्षाने या एका सिद्धांताला उत्तर दिले असते तर माझा निम्मा लेख अनावश्यक ठरला असता. पण तो सिद्धांत त्यांच्या विवेचनात कधी येतच नाही.

कायद्याचा हवाला देऊन असे म्हटले जाते की त्रयस्थ हवा कशाला, २००० च्या अधिनियमाचे १३वे कलम आहेच. ते कलम असे सांगते की संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणक-व्यवस्थेत शिरला की तो रवाना झाला, आणि घेणाऱ्याने नेमून दिलेल्या व्यवस्थेत शिरला की तो मिळाला. पण हा कायद्याने ठरवून दिलेला मानीव क्षण आहे. तो क्षण प्रत्यक्षात आला होता की नाही याचा पुरावा त्या कलमात नाही, तो कोणीतरी बाहेरून आणावाच लागतो. त्याच अधिनियमाने पुराव्याच्या कायद्यात जे ८८अ कलम घातले, त्याची सावधगिरी तर डोळ्यांत भरण्याजोगी आहे: सर्व्हरमार्गे आलेला संदेश मुळात संगणकात भरलेल्या संदेशाबरहुकूम आहे असे न्यायालयाने गृहीत धरण्यास हरकत नाही, मात्र तो कोणी पाठवला याविषयी कोणतेही गृहीतक करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हाच संयम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम राहिला आहे. कायदा जेथे जाणूनबुजून थांबला तेथून पुढे त्याचे प्रशंसक त्याला ढकलीत नेत आहेत.

व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणांचे प्रकरण याच ढकलण्याचे फळ आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने नोटीस टाळणाऱ्या एका प्रतिवादीस व्हॉट्सॲपवरून पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले, कारण ती पोचल्याची आणि जोडलेला दस्त उघडल्याचीही खूण दिसत होती. त्या प्रकरणाच्या विशिष्ट वस्तुस्थितीत तो निर्णय समंजस होता. परंतु त्यातून ‘निळी खूण म्हणजे पोच’ असा सार्वत्रिक शिरस्ता काढणे ही निराळीच गोष्ट आहे. निळी खूण एवढेच सांगते की त्या खात्याच्या कोणत्या तरी यंत्रावर संदेश उघडला गेला. यंत्र घरातल्या मुलाच्या हाती होते की विकत घेणाऱ्या नव्या मालकाच्या, हे ती सांगत नाही, आणि ज्याने ती खूण बंद करून ठेवली आहे त्याच्याविषयी तर ती काहीच सांगत नाही. याहून खोल गोष्ट अशी की व्हॉट्सॲपचे संदेश ज्या सिग्नल पद्धतीने गुप्त राखले जातात, त्या पद्धतीत एकेका संदेशावर डिजिटल सही नसतेच; दोन्ही पक्षांना समान ठाऊक असलेल्या किल्लीने संदेशाची खातरजमा होते, आणि म्हणून संवाद करणाऱ्या दोघांना एकमेकांची खात्री पटते, तरी तिसऱ्यापुढे सिद्ध करता येईल असा गणिती पुरावा कोणाच्याच हाती राहू नये, असे तिच्या रचनाकारांनी बुद्धिपुरस्सर योजले आहे. जे साधन पुरावा न उरावा म्हणून घडवले, त्यालाच पुराव्याचा मुकुट चढवला जात आहे! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हजर राहण्याच्या पोलिसी नोटिशी व्हॉट्सॲपने बजावू नयेत असा आदेश दिला, तो याच दृष्टीने मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. अटकेपर्यंत पोचू शकणाऱ्या बाबतीत मानीव पोचेवर विसंबता येत नाही, हे त्याने मान्य केले. मात्र त्याच वेळी २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ७०व्या कलमाने इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावलेले समन्स रीतसर बजावलेले मानावे अशी तजवीज करून ठेवली आहे, आणि न्यायालयाचा तो विवेक या कलमाच्या अंमलात उतरतो की नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागणार आहे.

या चुकीचे परिणाम काय होतात ते वस्तू व सेवा कराच्या व्यवहारात उघड दिसले आहे. त्या कराच्या कायद्यातील १६९व्या कलमाने नोटीस बजावण्याच्या अनेक रीती सांगितल्या, त्यांत सामाईक पोर्टलवर ती उपलब्ध करून देणे ही एक. नोटिशीवर अधिकाऱ्याची डिजिटल सही असेल, तिचा हॅश निर्दोष असेल. पण ती पोर्टलच्या ‘अतिरिक्त नोटिशी’ अशा बाजूच्या कप्प्यात पडून राहिली, व्यापाऱ्याने नेहमीच्या कप्प्यात पाहिले, तेथे काही नव्हते, आणि त्याच्या अपरोक्ष एकतर्फी आदेश झाला. अपिलाची मुदत आदेश कळवल्यापासून तीन महिन्यांची, आणि ‘कळवणे’ तर पोर्टलवर टाकताच झालेले मानलेले. अशी प्रकरणे मद्रास उच्च न्यायालयापुढे एकामागून एक गेली आणि न्यायालयाला आदेश रद्द करून पुन्हा सुनावणी देण्यास सांगावे लागले. ज्याला उच्च न्यायालयाची पायरी चढणे परवडले त्याचे निभावले. इतरांच्या बँक खात्यांवर जप्ती आली तेव्हाच त्यांना नोटिशीचा पत्ता लागला. सहीने सर्व सिद्ध होते असे म्हणणाऱ्यांनी या माणसाला त्याची पोच कोणत्या सहीने सिद्ध झाली ते सांगावे.

यावर प्रतिपक्षाचे सर्वांत वजनदार उत्तर असे आहे की टपालाची पोचही निष्कलंक नव्हती. ‘घेण्यास नकार’ किंवा ‘दार बंद’ असा शेरा पोस्टमनने घरबसल्या मारल्याची उदाहरणे प्रत्येक वकिलापाशी आहेत, आणि घेणाऱ्याच्या सहीवरच सारे अवलंबून ठेवले तर लबाड ऋणको सही न करता वर्षानुवर्षे मोकळा हिंडेल. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत, पण त्यांतून त्यांना हवा तो निष्कर्ष निघत नाही. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या २७व्या कलमाने योग्य पत्ता लिहून, हशील भरून रजिस्टर टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे मानले, ते पाठवणाऱ्याच्या शब्दावर नव्हे, तर ज्याचा त्या दाव्यात काही स्वार्थ नाही अशा टपालखात्याच्या नोंदींवर. आणि तरीही ‘विरुद्ध सिद्ध न झाल्यास’ ही वाट घेणाऱ्यासाठी मोकळी ठेवली. पोस्टमन खोटे बोलला तर त्याला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत असे. नोटीस काढणारे, ती पोर्टलवर टाकणारे, पोर्टल चालवणारे आणि ती पोचली असे प्रमाणपत्र देणारे सारे एकाच बाजूचे असले, तर उलटतपासणी कोणाची घ्यावयाची? लबाड ऋणकोचा बंदोबस्त त्रयस्थाने होतो, आणि त्रयस्थ नको म्हणणाऱ्यांनीच त्याला मोकळे रान दिले आहे.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारातही असा त्रयस्थ उभा करता येतो, हे इटलीने दाखवून दिले आहे. तेथे २००५ च्या हुकुमाने प्रमाणित ई-टपालाची व्यवस्था सुरू झाली: परवानाधारक संस्था पाठवणाऱ्याला त्याचे पत्र स्वीकारल्याची सही केलेली पावती देते, घेणाऱ्याची संस्था ते त्याच्या पेटीत पडल्याची दुसरी सही केलेली पावती देते, दोन्हींवर वेळ नमूद असते, आणि नोंदी तीस महिने जतन कराव्या लागतात. मग घेणाऱ्याने पेटी उघडली नाही तर तो त्याचा दोष. युरोपीय संघाने २०१४ च्या आपल्या नियमावलीत नोंदणीकृत इलेक्ट्रॉनिक पोचवणुकीला सहीपासून वेगळे, स्वतंत्र स्थान दिले, कारण सही आणि पोच ही दोन कामे आहेत हे त्यांनी ओळखले. जर्मनीत अशाच हेतूने २०११ च्या कायद्याने उभारलेली डी-मेल व्यवस्था लोकांनी फारशी स्वीकारली नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्रयस्थ आवश्यक असला तरी तो सुलभ आणि स्वस्त नसेल तर लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. आपल्याकडे सहीसाठी प्रमाणकर्ते आहेत, त्यांच्यावर नियंत्रक आहे, आणि पोचेसाठी कोणीही नाही. आणि २०२५ साली तर रजिस्टर टपाल हा स्वतंत्र प्रकारही स्पीड पोस्टात विलीन झाला.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीची दक्षता कशी ढिली होते याचे एक लहानसे उदाहरण नव्या साक्ष्य अधिनियमाच्या परिशिष्टातच आहे. इलेक्ट्रॉनिक दस्तासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशची पद्धत निवडण्यासाठी शा-२५६ बरोबर शा-१ आणि एमडी-५ यांचीही घरे ठेवली आहेत. एमडी-५ चा भंग २००४ साली आणि शा-१ चा २०१७ साली जाहीरपणे करून दाखवला गेला. म्हणजे एकच ठसा असलेले दोन भिन्न दस्त मुद्दाम तयार करता येतात हे सिद्ध झाले. २०२३ साली केलेल्या कायद्याने ही घरे का वगळली नाहीत, याचे उत्तर संबंधितांनी द्यावयास हवे.

तोवर ज्या वाचकांचे करार, भाडेपट्टे, मालाच्या मागण्या ई-मेलवरून होतात त्यांना एक सांगणे आहे. २००० च्या अधिनियमाच्या १२व्या कलमाने पाठवणाऱ्याला अशी अट घालण्याचा अधिकार दिला आहे की पोच मिळाल्यावरच आपला संदेश बंधनकारक ठरेल, आणि तशी अट असून पोच आली नाही तर तो संदेश कधी पाठवलाच नाही असे कायदा मानतो. १३वे कलमही दोन्ही पक्षांनी आपसात निराळे ठरवले असेल तर त्याला मान देते. तेव्हा पुढच्या करारात एक कलम घाला: या कराराखालील कोणतीही नोटीस, ती घेणाऱ्याने आपल्या डिजिटल सहीने पोच दिल्यावरच, किंवा पोच न आल्यास स्पीड पोस्टाने पोचल्यावरच, मिळाली असे मानले जाईल. आणि आपल्या डीएससीचे टोकन दुसऱ्याच्या खणात असेल तर ते आजच परत आणा.